न पाहिलेल्या सिनेमांचा अनुभवी प्रेक्षक

मराठी माणसाला बऱ्याच गोष्टी माफ असतात. ज्ञानेश्वरी कपाटात असून कधी उघडली नाही तरी चालतं. उलट 'किती नीट ठेवलीय' असं कौतुक होतं. रायगडावर गेला नसाल तर 'एकदा जाऊन या' एवढंच सांगतात. पोहता येत नाही, पेटी वाजवता येत नाही, हापूस ओळखता येत नाही, सगळं खपून जातं. पण चारचौघांत 'मी शोले पाहिलेला नाही' असं एकदा म्हणून बघा. आधी लोक हसतात. तुम्ही हसत नाही हे लक्षात आलं की थांबतात. मग त्यातला एखादा कनवाळू माणूस खुर्ची जवळ ओढतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे... अजिबातच नाही?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. शोलेचा थोडाफार अंश प्रत्येकाच्या अंगात असतोच, अशी त्या माणसाची पक्की समजूत असते. पुढे सांगणार आहे त्यावरून ती बरोबरही आहे.

तसं बघितलं तर न पाहिलेला एखादा मोठा सिनेमा प्रत्येकाच्याच खात्यावर असतो. दिवाणखान्यात गॉडफादरचं पोस्टर लावून गॉडफादर न पाहिलेले एक गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. 'सत्यजित राय म्हणजे काय, प्रश्नच नाही' असं म्हणणारे तर गल्लोगल्ली भेटतात. त्यांचं म्हणणं अक्षरशः घ्यायचं असतं. पुढे प्रश्न विचारू नका, एवढीच त्यांची विनंती असते.

शहाणी माणसं अशा प्रसंगांची आधीच तजवीज करून ठेवतात. न पाहिलेल्या सिनेमावर बोलायची काही वाक्यं ठरलेली आहेत आणि ती कुठल्याही सिनेमाला बसतात. 'मध्यंतरानंतर जरा सैल पडलाय' हे पहिलं. यावर आजवर कोणी वाद घातल्याचं ऐकिवात नाही, कारण मध्यंतरानंतर सैल न पडणारा सिनेमा आपल्याकडे विरळाच. दुसरं, 'कॅमेरा काय लावलाय!' कॅमेरा प्रत्येक सिनेमात कुठे ना कुठे लावलेलाच असतो. तिसरं, 'पुस्तक वाचलेलं असलं की सिनेमा तितका भिडत नाही.' यात न वाचलेलं पुस्तक आणि न पाहिलेला सिनेमा, दोन्ही एकाच फटक्यात निकालात निघतात. पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'परत एकदा बघायला हवा.' या वाक्यात खोटं असं काहीच नाही. 'परत' तेवढं जास्तीचं आहे.

माझ्या थकबाकीला मात्र ऐतिहासिक कारण आहे. दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झालं, पण आमच्या घरापर्यंत टीव्ही पोहोचायला त्याने सवडीने वेळ घेतला. तोवर शनिवारचा मराठी सिनेमा आणि रविवारचा हिंदी सिनेमा शेजारच्या काकूंकडे बघायचा. आमच्या घरचा एकच नियम होता: काकूंनी पानं घ्यायला सुरुवात केली की न सांगता उठून घरी यायचं. लोकांच्या जेवणाच्या वेळी ताटकळत बसणं आमच्यात बसत नव्हतं. मध्ये बातम्या लागायच्या आणि काकू नेमक्या त्याच वेळी पानं घ्यायच्या. त्यामुळे हिंदी सिनेमाच्या पूर्वार्धावर माझी चांगली पकड आहे. जुळे भाऊ जत्रेत हरवताना मी असंख्य पाहिले. सापडताना एकही नाही.

शोलेची गोष्ट याहून वेगळी. तो मला कानाने आला. त्याच्या संवादांची तबकडी निघाली होती आणि गणपतीच्या मांडवात आरती नि भावगीतं आटोपली की कार्यकर्ते ती लावायचे. बाप्पांसमोर गब्बर आपल्या माणसांचा हिशेब घेतोय, हे ऐकतच आमच्या पिढीला अंकओळख झाली. बिस्किटांच्या जाहिरातीत गब्बर, केश कर्तनालयातल्या पोस्टरवर गब्बर, आणि स्नेहसंमेलनात तर दरवर्षी गब्बर. एका वर्षी आमच्या वर्गाने टांग्याचा प्रवेश बसवला. उंची आणि अभिनय या दोन्ही निकषांवर माझी निवड धन्नोच्या मागच्या दोन पायांसाठी झाली. अंगावर चादर असल्यामुळे प्रवेश मला दिसला नाही, पण टाळ्या ऐकू आल्या. थोडक्यात, शोले मी पाहिला नव्हता. त्यात काम केलं होतं.

एवढ्या अनुभवानंतर सिनेमा बघायची गरज काय, असं कोणीही विचारेल. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो. पण आता सगळे सिनेमे घरातल्या पडद्यावर आले, तिकिटाच्या रांगेची सबब उरली नाही, आणि शेजारच्या काकूंच्या पानांची तर नाहीच नाही. म्हणून या वर्षी थकबाकी वसूल करायचं ठरवलं. यादी मुलीने केली. 'बाबाने न पाहिलेलं' असं शीर्षक देऊन तिने ती फ्रिजवर लावली. येणारेजाणारे ती वाचून पाणी मागायला लागले.

पहिला मान शोलेचा. कर्मधर्मसंयोगाने त्या रविवारी आईबाबा आले होते. बाबा १९७५ साली नोकरीनिमित्त गिरगावात राहत होते आणि त्यांनी शोले मिनर्व्हाला पाहिलेला आहे. ही माहिती आमच्या घरी जन्मतारीख, रक्तगट यांच्या पंक्तीत मोडते. शोले लागणार म्हटल्यावर ते पंख्याखालच्या खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "मी काही बोलणार नाही. तू बघ."

रेल्वेवरच्या दरोड्यापर्यंत त्यांनी शब्द पाळला. जेलर असरानी आला आणि बाबा सुटले. असरानीची मिशी चॅप्लिनच्या हिटलरवरून घेतलेली आहे, इथपासून त्यांनी सुरुवात केली. मग प्रत्येक संवाद पडद्यावर यायच्या आधी खुर्चीतून येऊ लागला. गब्बर सिनेमात यायला तासभर लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. तो डोंगरात येरझाऱ्या घालत माणसांची संख्या विचारतो, तो जगप्रसिद्ध प्रश्न बाबांनी गब्बरच्या आधी, अधिक खर्जात आणि अधिक थांबे घेऊन विचारला. त्यानंतर अमजद खानने विचारला तेव्हा तो बाबांची नक्कल करतोय असंच वाटलं, आणि तीही बेताची.

पाहिलेल्या माणसाबरोबर सिनेमा बघणं अवघड असतं ते याचसाठी. त्याला सिनेमा दाखवायचा नसतो, तुमचा चेहरा बघायचा असतो. नाणं उडवण्याचा प्रसंग आला की बाबा पडद्याकडे पाठ करून माझ्याकडे बघायचे. "मिनर्व्हाला सत्तर एमएम होतं," ते म्हणाले. "नाणं पडल्याचा आवाज असा यायचा, की लोक वाकून खुर्चीखाली शोधायचे." मग त्यांनी तिकिटाची रांग सांगितली, काळ्या बाजारवाल्याशी झालेली घासाघीस सांगितली, बरोबर कोण कोण होतं ते सांगितलं, त्यातल्या कोणाचं पुढे कोणाशी लग्न झालं तेही सांगितलं. एवढ्यात पडद्यावर बऱ्याच माणसांचे जीव गेले.

मध्यंतरात मी सहज विचारलं, "बाबा, शेवटी ठाकूर नेमकं काय करतो?"

बाबा विचारात पडले. छताकडे बघितलं. मग म्हणाले, "शेवट जरा घाईत पाहिला. शेवटचा खेळ होता, आणि बरोबरच्यांना कल्याण लोकल गाठायची होती."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आयुष्यभर ज्या माणसाच्या तोंडून शोले ऐकला, त्याच्याकडेही काकूंच्या पानांइतकाच पूर्वार्ध होता. फक्त त्याच्या काकूंचं नाव मध्य रेल्वे होतं.

उरलेला शोले मी नेटाने पाहिला आणि चकित झालो. ठाऊक असलेल्या गोष्टींत काही दम नव्हता. त्या आधीच ऐकून ऐकून गुळगुळीत झालेल्या. चकित केलं ते कोणीच न सांगितलेल्या गोष्टींनी. यात आपला सचिन पिळगावकर आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इमामसाहेबांचा कोवळा अहमद तो, नोकरीसाठी परगावी निघालेला आणि वाटेतच गब्बरच्या हाती सापडलेला. गब्बरसमोर मान खाली घालून उभा राहणारा कालिया म्हणजे आपले विजू खोटे, हेही नाही. आणि सगळ्यात मोठी लपवाछपवी पुढेच आहे. शोलेत ठाकूर आपल्या विधवा सुनेचं दुसरं लग्न लावून द्यायला तयार होतो. तिच्या वडिलांना जाऊन भेटतो, त्यांना समजावतो. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून गावचा रोष ओढवून घेतला, त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून मी रोज जातो. आणि शोले हा विधवा-पुनर्विवाहाचा प्रश्न मांडणारा सिनेमा आहे हे मला एकानेही सांगू नये? सव्वातीन तासांच्या त्या सिनेमात रेल्वे वाचते, सूड पुरा होतो, टांगेवालीचं जमतं. पुनर्विवाह तेवढा होत नाही. त्याआधी नवरदेव मरतो. समाजसुधारकांनी यावर लिहायला हवं होतं, पण तेही बहुधा शेवटच्या लोकलने गेले असावेत.

शेवटाची तर और कथा. लेखक सलीम-जावेद आणि दिग्दर्शक रमेश सिप्पी यांच्या मनातल्या शेवटात ठाकूर गब्बरला स्वतः संपवतो. दिवस आणीबाणीचे होते. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणं सेन्सॉरला मानवलं नाही. मग पोलीस ऐन वेळी हजर झाले आणि गब्बर जिवंत सापडला. मूळ शेवट जोडलेली, नव्याने दुरुस्त केलेली प्रत पुढे २०२५ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. याचा अर्थ असा, की मिनर्व्हाला पाच वर्षं शोले चालला आणि तिथे पाहिलेल्या एकाही प्रेक्षकाने मुळात लिहिलेला शोले पाहिलेला नाही. ही गोष्ट मी बाबांना जरा विजयी सुरातच ऐकवली.

"मिनर्व्हाचा पडदा केवढा होता, तुला कल्पना आहे का?" बाबा म्हणाले आणि विषय संपला.

मुघल-ए-आझमच्या वेळी हाच वाद दुसऱ्या टोकाने झाला. १९६० साली तो मराठा मंदिरला लागला तेव्हा बहुतांशी कृष्णधवल होता. शीशमहालातलं गाणं आणि आणखी थोडा भाग रंगीत. २००४ साली अख्खा रंगवून पुन्हा आणला. आम्ही रंगीत लावला. मामा मध्येच टपकले आणि दारातूनच म्हणाले, "हा पाहिलास तो पाहिलाच नाहीस." सगळा राग, रुसवा, तुरुंग काळ्यापांढऱ्यात सोसायचा आणि मग आरशांत एकदम रंग फुटायचा, हीच तर गंमत होती, असं त्यांचं म्हणणं. ते पटण्यासारखं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी टीव्हीचे रंग घालवून बसलो, तर शीशमहालही काळापांढरा झाला. मुलगी म्हणाली, "बाबा, आता तू कोणीच न पाहिलेला मुघल-ए-आझम पाहिलास."

मराठीतली थकबाकी याहून जोखमीची. 'अशी ही बनवाबनवी' न पाहता महाराष्ट्रात इतकी वर्षं तग धरणं म्हणजे परराष्ट्रात पासपोर्टाशिवाय वावरणं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर सत्तर रुपयांचा विषय निघाला की सगळे हसून लोळायचे. एकदा मेहुण्याने माझ्याकडे सत्तर रुपये मागितले, मी ताबडतोब पाठवले. गट आणखीच लोळला. पैसे परत आले नाहीत. लिंबाच्या रंगाच्या साडीवरून बायकोची भावंडं एकमेकांना काय सुचवतात, हेही मला १९८८ चा तो सिनेमा पाहिल्यावर उलगडलं, आणि कितीतरी जुन्या विनोदांना मी एकटाच, बऱ्याच वर्षांनी, पोटभर हसलो.

पण इथेही लोकांनी संवाद तेवढे सांगितले होते, गोष्ट सांगितली नव्हती. ती साधी आहे: पुण्यात एकट्यादुकट्या पुरुषाला कोणी खोली देत नाही. हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'मध्येही हीच अडचण होती. १९८८ मध्ये तिच्यापायी दोन मित्रांना साड्या नेसाव्या लागल्या. आणि परवा आमच्या सोसायटीच्या फळ्यावर 'फक्त कुटुंबासाठी' अशी पाटी मी स्वतः वाचली. त्यामुळे बनवाबनवी मला विनोदी कमी आणि माहितीपट जास्त वाटला. शिवाय शोलेत गब्बरच्या हातून मेलेला अहमद तेरा वर्षांनी पुण्यात साडी नेसून धडधाकट वावरतोय, हे पाहून झालेला आनंद निराळाच. हा आनंद दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहणाऱ्यालाच मिळतो. वेळच्या वेळी पाहणाऱ्यांना तेरा वर्षं थांबावं लागलं होतं.

'पिंजरा'च्या बाबतीत तर समाजाने माझी सरळ दिशाभूल केली होती. १९७२ पासून लोक त्यातली गाणी म्हणताहेत. लग्नात म्हणतात, सहलीत म्हणतात, सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादानंतरही म्हणतात. त्यामुळे हा तमाशाचा रंगीत, खुशालचेंडू सिनेमा असावा असं धरून मी पापड तळून बसलो. पाहतो तो काय, आदर्श शिक्षक तमाशापायी धुळीला मिळतो, दुसऱ्याच माणसाचं प्रेत गावकरी त्याचं समजतात, त्याचा पुतळा उभारतात, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात तो सापडतो. स्वतःच्या खुनाबद्दल स्वतःच आरोपी! एवढी विलक्षण गोष्ट अख्ख्या महाराष्ट्राने पन्नास वर्षं माझ्यापासून दडवून ठेवली, कारण सगळे गाण्याच्या दुसऱ्या कडव्यावर अडकले होते. पापड तसेच राहिले.

'सिंहासन' बघताना गोष्ट दडवण्याचा प्रश्नच आला नाही. मंत्री फुटताहेत, जुळताहेत, निष्ठा सकाळी एक आणि संध्याकाळी एक, मधे निळू फुल्यांचा पत्रकार सगळं बघतोय. मुलगी अर्ध्यातून आली, दहा मिनिटं उभ्याने पाहिलं आणि म्हणाली, "हे या आठवड्यातलं आहे का?" मी १९७९ चं आहे म्हणून सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

इथवर आल्यावर माझ्या थकबाकीची वार्ता फिल्म क्लबवाल्या मित्राच्या कानावर गेली. पुण्यात फिल्म संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट दोन्ही असल्यामुळे अशा मित्रापासून सुटका नसते. "हे सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण जगाचं काय?" जगाची यादी त्याच्याकडे तयार होती. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेऊन सर्वश्रेष्ठ सिनेमा ठरवतं. त्यात १९६२ पासून २००२ पर्यंत दर वेळी पहिला आला तो ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन'. म्हटलं, आधी हाच उरकू.

वेल्सने तो काढला तेव्हा त्याचं वय होतं पंचवीस. या वयात मी बँकेच्या परीक्षेचे फॉर्म भरत होतो, पण तो विषय वेगळा. केनमध्ये एक धनाढ्य म्हातारा एक शब्द उच्चारून मरतो आणि त्याचा अर्थ शोधत एक वार्ताहर सिनेमाभर हिंडतो. आता गंमत अशी, की त्या शब्दाचा अर्थ इतक्या व्यंगचित्रांत, विनोदांत आणि लेखांत सांगून झालाय, की तो साऱ्या जगाला माहीत आहे. माहीत नाही तो फक्त त्या बिचाऱ्या वार्ताहराला, आणि शेवटपर्यंत त्याला कळतही नाही. मला दोनदा वाटलं, हाक मारून सांगून टाकावं. सिनेमाची कीर्ती अशी त्याच्याच गोष्टीच्या आधी प्रेक्षकाकडे पोहोचते. आपण खुर्चीत बसतो तेव्हा उरलेलं असतं ते बाकीचं. केनमध्ये ते बाकीचं फार सुरेख आहे, हे नमूद करतो. आणि कॅमेरा काय लावलाय!

"पण आता पहिला नंबर दुसऱ्याचाच आहे," मित्र म्हणाला. २०१२ साली हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने केनला हटवलं, आणि २०२२ मध्ये पहिला आला बेल्जियमच्या शान्ताल अकरमनचा 'जान दिएल्मन'. एका बाईने दिग्दर्शित केलेला सिनेमा या यादीत पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. तो काढला तेव्हा तिचंही वय पंचवीसच्या घरात. "पेशन्स लागतो," मित्राने बजावलं. "सव्वातीन तास आहे. ब्रसेल्समधली एक विधवा घरकाम करते."

"आणि?"

"घरकाम करते."

संध्याकाळी तो पेन ड्राइव्ह घेऊन हजर झाला. बाबा सव्वातीन तास म्हटल्यावर फिरायला गेले. आई गवार मोडत तिथेच बसली होती. ती म्हणाली, "लावा तुम्ही, माझं काही नाही." पडद्यावरची बाई स्वयंपाकघरात गेली, टेबलाशी बसली आणि बटाटे सोलायला लागली. कॅमेरा हलला नाही. बाई सोलत राहिली. मी मित्राकडे बघितलं. त्याचे डोळे भक्तिभावाने अर्धे मिटले होते.

"साल जाड काढते," आई म्हणाली.

मग दुपारी एक गृहस्थ आले. कोट, टोपी तिच्या हातात दिली, आतल्या खोलीत गेले, बाहेर आले, पैसे दिले आणि निघाले. मी नि मित्र एकदम पंख्याकडे बघू लागलो. आईने गवारीच्या शिरा काढता काढता मान वर केली. बाईने पैसे जेवणाच्या टेबलावरच्या चिनी मातीच्या भांड्यात ठेवले आणि झाकण लावलं. "एकटी बाई, मुलगा शिकतोय, करणार काय," आई म्हणाली. "पैसे मात्र नीट ठेवते."

सिनेमात दुसरा दिवस उजाडला. पुन्हा गॅस, पुन्हा बटाटे, पुन्हा पाहुणा. तो गेल्यावर बाई स्वयंपाकघरात आली आणि आई हातातली गवार खाली ठेवून म्हणाली, "बटाट्यांचा गाळ झाला असणार. ही कधी वेळ चुकवत नाही. हिचं काहीतरी बिनसलंय."

मित्र ताडकन सरळ बसला. त्या बटाट्यांपासून सगळ्या सिनेमाची घडी विस्कटायला लागते, हे त्याने एका जाड पुस्तकातून जाणून घेतलं होतं. त्याला तीनदा पाहून आणि पुस्तक वाचून समजलेली गोष्ट आईला गवार मोडता मोडता कळली. त्यानंतर त्याने आईला मावशी म्हणायला सुरुवात केली आणि बाईने दिवा बंद केला नाही, बटण लावलं नाही, चमचा हातातून पडला, की तो आधी आईकडे बघायचा. शेवट इथे सांगत नाही. तो आला तेव्हा आम्ही दोघे हादरून गेलो. आई "मला वाटलंच" म्हणून कुकर लावायला उठली.

मोठ्या सिनेमांच्या यादीत मी खरोखर पहिल्यांदा पाहिलेला सिनेमा हा एवढाच. कारण उघड आहे: हा मित्र सोडला तर माझ्या ओळखीपाळखीत तो कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून कोणी सांगितलेलाही नव्हता. मांडवात त्याची तबकडी वाजली नाही, स्नेहसंमेलनात कोणी बटाटे सोलले नाहीत. आणि साल बघा, १९७५. शोलेचंच. लांबीही शोलेइतकीच. बाबांचा १९७५ चा सिनेमा सगळ्यांना ठाऊक. आईला मात्र 'तू काय पाहिलंस' असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री जेवताना मी विचारलं.

"जय संतोषी माँ," आई म्हणाली. तोही त्याच वर्षीचा. "थिएटरच्या दाराशी चपला काढून आत जायचो सगळ्या."

"कसा होता?"

"कसा काय? परत येताना माझी एक चप्पल बदलली. दोन्ही डाव्या पायातल्या घालून घरी आले."

बाबांची लोकल, आईची चप्पल, मामांचे रंग. सिनेमा पाहिलेल्या माणसांना मी गेले काही महिने खोदून खोदून विचारतोय आणि सिनेमा कोणाला फारसा आठवत नाही. आठवते ती रांग, बरोबरची माणसं, खुर्चीचा ढेकूण, परतीची वाट. तेव्हा 'पाहिला नाहीस?' या प्रश्नाचा रोख सिनेमावर नसतोच. त्या दिवशी तू आमच्यात कुठे होतास, अशी ती हजेरी असते. आणि ती मागाहून लावता येत नाही. घरच्या पडद्यावर सिनेमा भरून काढता येतो. मिनर्व्हाची घासाघीस कुठल्या ओटीटीवर मिळायची?

त्यावर मला एक तोडगा सुचलाय. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा'. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. अर्देशिर इराणींनी काढलेला. स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून चित्रीकरण मध्यरात्रीनंतर करावं लागलं. नायक मास्टर विठ्ठल. त्यांच्या कराराचं भांडण कोर्टात गेलं तेव्हा त्यांचे वकील होते बॅरिस्टर जीना. एवढी सगळी माहिती उपलब्ध आहे. उपलब्ध नाही तो सिनेमा. त्याची एकही प्रत शिल्लक नाही. म्हणजे फिल्म क्लबवाला मित्र, सगळे समीक्षक, बोलोन्याचे तज्ज्ञ आणि धन्नोचे मागचे पाय, सगळे एका पातळीवर. म्हणून दर १४ मार्चला गिरगावात 'आलम आरा' न पाहिलेल्यांचा मेळावा भरवावा असं मी सुचवतो. तिथे कोणी कोणाला हसणार नाही, कोणी खुर्ची जवळ ओढणार नाही. भाषणं होतील, चहा-बटाटेवडा होईल.

आणि अध्यक्ष समारोपाला उठले की शेवटच्या रांगेतून एक गृहस्थ हात वर करतील, याबद्दलही मला शंका नाही. "आमच्या आजोबांनी पाहिला होता," ते म्हणतील. "मॅजेस्टिकला. काय गर्दी होती म्हणून सांगू!"